शितावरून भाताची परीक्षा : डॉ. कमला सोहोनी

बाजारातून पाव किलो चिवडा आणावा, डबा दोन-तीन दिवस फडताळात ठेवावा आणि मग वरची एक मूठ आणि तळाची एक मूठ वेगवेगळ्या वाट्यांत काढून पाहावी. वरच्या वाटीत पोहे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप दिसतील. तळाच्या वाटीत मीठ, तिखट, तीळ आणि डाळ्यांचा चुरा जास्त असेल. रक्तदाबाच्या रुग्णाने या चिवड्यात मीठ किती, असे विचारले आणि दोन्ही वाट्या प्रयोगशाळेत पाठवल्या, तर दोन वेगळे आकडे येतील. यंत्र दोन्ही वेळा बरोबरच असेल. तरीही त्यातला एकही आकडा त्या चिवड्याचा नसेल.

म्हणून अन्नाची तपासणी यंत्रापाशी सुरू होत नाही. ती नमुना गोळा करणे, दळणे, वाटणे, घुसळणे आणि एकजीव करणे यांपासून सुरू होते. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. जिथे अन्न सारखे नसते, तिथे ते आधी सारखे करून घ्यावे लागते. हे काम दिसायला स्वयंपाकघरातले, पण अहवालाचा खरेखोटेपणा त्यावर उभा असतो.

डाळ, बटाटा, वाल, नीरा आणि दूध अशा रोजच्या पदार्थांवर आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेल्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. त्यांनी हाताळलेला प्रत्येक पदार्थ नमुना तयार करण्याची वेगळी अडचण घेऊन येत होता. त्यांच्या आयुष्याच्या वाटेने गेले, की हा विषय सहज उलगडत जातो.

बंगळूरचे बंद दार

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्रात पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि घरच्या वाटेनेच पुढे जायचे म्हणून त्याच संस्थेकडे अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. गुणांचा प्रश्न नव्हता, अर्जदार मुलगी होती एवढेच कारण होते.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागितले. गांधीजींच्या चळवळीचा तो काळ होता. त्यांनीही सत्याग्रहाचीच भाषा केली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षार्थी म्हणून काम करायचे, मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत थांबायचे आणि आपल्यामुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. अट अपमानाची होती आणि तो अपमान त्या पुढे कधी विसरल्या नाहीत. वर्षभरात कामाचा दर्जा पाहून रामन यांचे मत बदलले, कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. आधी एकही नमुना न तपासता अख्खा साठा नाकारलेला होता. एका नमुन्याच्या तपासणीने तो निकाल फिरला.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये हा विषय घेतला. डाळींमधला जो नायट्रोजन प्रथिनांचा नसतो, त्यावरचे त्यांचे काम तेव्हाच परदेशी नियतकालिकात छापून आले. विषय किचकट वाटतो, पण तो प्रत्येकाच्या ताटाशी जोडलेला आहे.

अन्नातली प्रथिने मोजण्याची जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मोजायचा आणि आलेल्या आकड्याला साधारणपणे ६.२५ ने गुणायचे. येणारे उत्तर म्हणजे प्रथिने. यात एक गृहीत लपलेले आहे, की सगळा नायट्रोजन प्रथिनांचाच आहे. डाळीत तो तसा नसतो. काही नायट्रोजन सुटी अमिनो आम्ले आणि इतर लहान रेणूंमध्ये असतो. तो वेगळा काढला नाही, तर डाळ आहे त्यापेक्षा पौष्टिक दिसते.

या गृहीताचा गैरफायदा किती भयंकर होऊ शकतो, ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेले रसायन मिसळले गेले. नायट्रोजन मोजणाऱ्या चाचणीत दूध उत्तम ठरले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळे दगावली. आपल्याकडे दुधात युरिया घालण्यामागेही हेच गणित असते. चाचणी नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हा प्रश्न कमलाबाईंनी विशीतच हाती घेतला होता.

बटाटा कापला, की घड्याळ सुरू

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. तिथे प्रथम डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशीच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीत, या द्रव्याचा महत्त्वाचा वाटा असतो. अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतही त्यांना काम करायला मिळाले.

बटाटा हा नमुना म्हणून फसवा पदार्थ आहे. बटाटा चिरून पाच-दहा मिनिटे पाण्याबाहेर ठेवला, की तो काळा पडतो. पेशी फाटतात, आतली विकरे बाहेर येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि रासायनिक क्रिया सुरू होतात. जे मोजायचे आहे, ते मोजण्याआधीच बदलू लागते. म्हणून अशा ऊती वाटताना थंडावा राखावा लागतो, आम्लता योग्य ठेवणारे द्रावण घालावे लागते आणि हात चपळ असावा लागतो. नीट वाटले नाही, तर पेशी फुटत नाहीत आणि आतले द्रव्य हाती लागत नाही. फार वेळ वाटले, तर उष्णतेने विकर मरते.

घरची चक्कीही हेच शिकवते. गिरणीतून आणलेला पिठाचा डबा हाताला गरम लागतो. त्या गरमीत धान्यातला थोडा ओलावा उडून गेलेला असतो. घरच्या भाकरीला त्याने फरक पडत नाही, पण धान्यात पाणी किती, हे मोजायचे असेल, तर तिथेच चूक झालेली असते. म्हणून प्रयोगशाळेत धान्य थोडे थोडे दळतात, मध्ये यंत्र निवू देतात, पीठ ठरावीक भोकांच्या चाळणीतून चाळतात आणि लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरतात. चाळणीवर उरलेला चोथा फेकायचा नसतो. तो पुन्हा दळून सगळाच्या सगळा चाळणीखाली उतरवायचा असतो, कारण साल आणि गर यांतले घटक वेगळे असतात. चोथा टाकला, की कोंडाच टाकला जातो आणि तंतू कमी दिसतात.

आधी मिरची वाटलेले मिक्सरचे भांडे नुसते विसळून त्यात खोबरे वाटले, तर काय होते ते घरोघरी माहीत आहे. प्रयोगशाळेत तीच चूक एका नमुन्याची भेसळ दुसऱ्याच्या नावावर चढवते. हळदीत शिशाचा अंश शोधायचा असेल, तर आधीच्या भेसळीच्या हळदीचा एक कणही पात्यांवर राहून चालत नाही. धातू मोजायचे असतील, तर पोलादी पाती झिजून त्यांतले लोह आणि क्रोमियम नमुन्यात उतरू शकतात. तिथे पात्यांचा धातूही विचार करून निवडावा लागतो.

वालाची डाळ आणि ठाणे जिल्ह्याचे ताट

केंब्रिजहून परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायन विभागाची जबाबदारी आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले काम, असा प्रवास करत १९४७ मध्ये विवाहानंतर कमलाबाई मुंबईला आल्या. पती मा. वि. सोहोनी हे विमागणितज्ञ. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधला जीवरसायन विभाग हे पुढे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. संशोधनाचे विषय त्यांनी भारतीय माणसाच्या, त्यातही गरिबाच्या, ताटातून उचलले.

त्यातला एक विषय वाल. अंबरनाथ-बदलापूरपासून कर्जतपर्यंत आणि खाली रायगडात भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल होतो. हिवाळ्यात शेंगांची पोपटी आणि वर्षभर वालाचे बिरडे किंवा डाळिंब्यांची उसळ, हे या भागाचे जेवण. या वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते. ट्रिप्सिन आतड्यात प्रथिने तोडते. ते अडले, की खाल्लेली प्रथिने पुरती अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांतून हे अवरोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केल्याचे काम १९५५ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कच्च्या वालात असलेले हे द्रव्य नीट शिजवल्यावर बहुतांशी निकामी होते. वाल रात्रभर भिजवणे, फडक्यात बांधून मोड आणणे, सोलणे आणि मग मऊ शिजवणे, ही आजीची पद्धत विज्ञानाच्या कसोटीवरही योग्य ठरते. कच्च्या कडधान्यांचे पीठ पाण्यात कालवून पिण्याची सवय मात्र त्याच कारणाने टाळावी.

प्रयोगशाळेत वाल तपासायला आला, की पहिला प्रश्न नमुना कसा घेतला, हाच असतो. बाजारातल्या पोत्यात वरच्या थरात टपोरे दाणे आणि खाली फुटके, किडके, खडे असे असू शकते. म्हणून पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे दाणे काढतात. अनेक पोत्यांतले दाणे एकत्र करून स्वच्छ कागदावर ढीग करतात, ढिगाचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग ठेवून दोन बाजूला सारतात. उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. असे करत शेवटी हाती येणारी मूठ त्या सगळ्या पोत्यांच्या वतीने बोलते. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळलेली असेल, तर ती अशा मुठीत सापडते. वरवरच्या चिमटीत सापडेलच असे नाही.

ज्या विषांचा प्रसार दाण्यागणिक असतो, तिथे तर हे जीवनमरणाचे ठरते. शेंगदाण्यावर आणि मक्यावर बुरशी वाढली, की अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. ते साठ्यात सगळीकडे पसरलेले नसते. हजारो निरोगी दाण्यांमध्ये मोजके दाणे विषाने भरलेले असतात. म्हणून युरोपात शेंगदाण्याच्या मोठ्या साठ्यातून २० किलोपर्यंत नमुना घेऊन तो दळून एकजीव करावा लागतो आणि त्यातले काही ग्रॅम तपासले जातात. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन १०० हून अधिक माणसे यकृताच्या आजाराने दगावली होती. बुरशीचा दाणा नमुन्यात आलाच नाही, तर कागदावर मका निर्दोष ठरतो आणि गाव आजारी पडते.

नीरा आणि दूध : थांबायला तयार नसलेले नमुने

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम सुरू केले. ताडामाडाच्या या ताज्या रसात क जीवनसत्त्व आणि लोह यांसारखे उपयुक्त घटक असतात आणि आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना व गर्भवतींना त्याचा उपयोग होतो, असे त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरेत साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णांनी ती औषध समजून पिऊ नये, एवढे इथे सांगायला हवे.

नीरेचा नमुना घेणे म्हणजे धावत्या लोकलमध्ये चढण्यासारखे. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा ऊन चढू लागले, की आंबायला लागते. साखर घटते, मद्यार्क वाढतो. झाडाखाली घेतलेला नमुना आणि चार तासांनी घेतलेला नमुना, हे दोन वेगळे पदार्थ असतात. म्हणून स्वच्छ भांडे, थंडावा आणि काढल्याची वेळ या तीन नोंदींशिवाय नीरेच्या अहवालाला अर्थ राहत नाही.

दुधाची अडचण आणखी वेगळी. दूध स्थिर ठेवले, की स्निग्धांश वर येतो. कॅनच्या तोंडातून घेतलेला नमुना श्रीमंत आणि तळातून घेतलेला गरीब. टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ हवेत. न ढवळता नमुना घेतला, तर प्रामाणिक विक्रेता दोषी ठरू शकतो किंवा लबाड सुटू शकतो. नमुना नीट ढवळलेला नव्हता, हा मुद्दा भेसळीच्या खटल्यांत वर्षानुवर्षे लढवला गेला आहे. प्रयोगशाळेत दूध सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करून, एका भांड्यातून दुसऱ्यात हलकेच ओतत, खालीवर करून मिसळतात. जोराने घुसळले, तर लोण्याचे कण सुटतात आणि पुन्हा तीच विषमता येते. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या गुणवत्तेबाबत कमलाबाईंनी सल्ला दिला होता.

संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या, पण पात्रता असूनही त्यांना त्यासाठी काही वर्षे ताटकळत ठेवले गेले. बंगळूरची अट मुंबईत वेगळ्या रूपात पुन्हा समोर आली होती. याही वेळी त्यांनी काम थांबवले नाही.

अहवाल ग्राहकाच्या हातात

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था सुरू केली. कमलाबाई तिच्या सक्रिय कार्यकर्त्या होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षही. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्यांनी लेख लिहिले. प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांचा उत्तरायुष्यातला ध्यास होता. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लाखो माणसे राहतात. कामाच्या धबडग्यात पापड, फरसाण, पीठ, मसाला, दूध बहुतेक सगळे बाहेरून येते. संशय आला, तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. पदार्थात दोष आढळला, तर शुल्क परत मिळते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, तेव्हा त्याचे चार भाग करून ते सीलबंद केले जातात. निकालाबद्दल वाद झाला, तर त्याच नमुन्याची फेरतपासणी व्हावी, म्हणून ही सोय आहे. पण चारही भाग सारखे असतील, तरच तिला अर्थ आहे.

घरून नमुना देताना काही गोष्टी पाळाव्यात. शक्यतो न उघडलेले मूळ पाकीट, त्यावरचा बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवावे. सुट्या पदार्थाचा नमुना वरूनच न घेता सगळा नीट मिसळून, कोरड्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा. घरी दळून किंवा चाळून पाठवू नये.

लग्नकार्यात किंवा घरी जेवून अनेकांना एकदम उलट्या-जुलाब झाले, तर उरलेले अन्न घाईने फेकू नये. प्रत्येक पदार्थ वेगळ्या स्वच्छ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, पण बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठवल्याने काही जंतू मरतात आणि शोध अवघड होतो. डब्यावर पदार्थाचे नाव, शिजवल्याची आणि खाल्ल्याची वेळ लिहावी आणि रुग्णालयाला तसे सांगावे. जंतूंच्या तपासणीसाठी साधारण २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणासह पिशवीत घालून यंत्राने थोपटतात. तिथे नेहमीचा मिक्सर चालत नाही, कारण पात्यांच्या गरमीत जंतू मरू शकतात. आणि रुग्णाला त्या वेळी सर्वांत आधी हवे असते ते मीठ-साखर-पाणी. लहान मूल, गर्भवती किंवा वयस्क माणूस असेल, लघवी कमी झाली असेल किंवा जुलाबात रक्त दिसत असेल, तर नमुन्याचे नंतर पाहता येते. आधी रुग्णालय गाठावे.